वाचनालयाचे नऊ संगणक: प्रकल्प नोंदी

२१ सप्टेंबर २०२५, रविवार

वाचनालयातल्या सगळ्या संगणकांची आज यादी केली. एकूण नऊ. देवघेवीच्या टेबलावर दोन, ग्रंथपालबाईंकडे एक, कार्यालयात लिपिकताईंचा एक, अभ्यासिकेत मुलांसाठी पाच. सात यंत्रं इंटेलच्या चौथ्या पिढीची, एक सहाव्या पिढीचं. ग्रंथपालबाईंचं तेवढं गेल्या वर्षी देणगीतून आलेलं, विंडोज ११ असलेलं. बाकी आठांवर विंडोज १०.

विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबरला बंद होणार. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आपली आठही यंत्रं बाद. तशी ती धडधाकट आहेत. मुदतवाढ विकत मिळते: संस्थांसाठी पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट. आठ यंत्रांचे पहिल्याच वर्षी चाळीस हजारांवर जातात. एवढ्यात वाचनालयाची वर्षभराची मासिकं येतात.

शिवाय मुदतवाढीला मुळात अस्सल प्रत हवी. आठांपैकी सहा यंत्रांवरची विंडोज कधी विकत घेतलेलीच नाही. यंत्रं घेताना दुकानातून ‘टाकून’ मिळाली. समितीतल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं, कारण बिलात सगळं एकत्र लिहिलेलं होतं. म्हणजे इतकी वर्षं आमच्याकडे विकतच्या आणि मुक्त सिस्टिमची लढत झालीच नाही. गावोगावी हेच असणार. शून्य किंमत हा लिनक्स या मुक्त सिस्टिमचा मोठा गुण, पण दुसरी बाजूही लोकांना शून्यालाच पडत असेल तर तो दिसणार कसा?

२४ सप्टेंबर, बुधवार

कार्यकारी मंडळाची सभा. मी मांडलं: आठ यंत्रांवर लिनक्स टाकू, सगळ्यांना एसएसडी (वेगवान डिस्क) आणि चारांना जास्तीची रॅम घालू. खर्च अठरा हजारांच्या आत. मंजूर झालं, पण सहज नाही.

खजिनदारांनी विचारलं, “कंपनी नाही, तर बिघडलं की धरायचं कुणाला?” अगदी योग्य प्रश्न. लिनक्स १९९१ पासून आहे, त्याची डेबियन ही तयार आवृत्ती १९९३ पासून, जगातले सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात, हे मी सांगितलं. पण ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्यांना गावातला माणूस हवा होता. आज तो माणूस म्हणजे मी एकटा. उद्या माझी बदली झाली की सगळं ठप्प. म्हणून ठरावात एक कलम घालून घेतलं: लिपिकताई आणि अभ्यासिकेतला एक विद्यार्थी, दोघांना सगळं शिकवायचं, आणि प्रत्येक पायरी मराठीत लिहून ठेवायची.

अध्यक्षांनी ‘फुकट’ म्हटलं तेव्हा मी ‘मुक्त’ असं सुधारून सांगितलं. ते लगेच म्हणाले, “हां, म्हणजे पैसे पडले तरी चालतील, पण आतलं उघडून बघता आलं पाहिजे, दुसऱ्याला देता आलं पाहिजे.” आपल्या भाषेत या दोन गोष्टींना पहिल्यापासून दोन शब्द आहेत, त्यामुळे परवान्याची समजूत पाच मिनिटांत पटली.

२८ सप्टेंबर, रविवार

पेन ड्राइव्हवरून काही न पुसता लिनक्सची तीन वितरणं, म्हणजे तयार आवृत्त्या, चालवून पाहिली. सीडॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स, साधं डेबियन, आणि लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. चार जीबी रॅमवर तिन्ही चालतात. मिंट ठरवलं. खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ, लोकांचा हात चुकत नाही. आधार उबुंटू या दुसऱ्या वितरणाच्या २४.०४ आवृत्तीचा, दुरुस्त्या २०२९ पर्यंत.

एका यंत्राचा वायफाय डोंगल ओळखला गेला नाही. दुसरा लावला, चालला.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

वाचनालय बंद होतं, म्हणून शांतपणे कार्यालयातल्या फाइल्स उघडल्या. आणि खरी मेख सापडली.

पुस्तकांची सगळी नोंद, १७,६४० दाखल क्रमांक, २००४ पासून एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली आहे. पत्रव्यवहार, सभासदांची यादी, वार्षिक अहवाल, इतिवृत्तं, सगळं तसंच. या फाइलींत मराठी अक्षरं नाहीतच. आत आहेत इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागा, आणि त्या जागांवर फॉन्टने आपल्या अक्षरांचे तुकडे रंगवून ठेवलेत. फॉन्ट काढला की उरतो अर्थहीन इंग्रजी कचरा. शोध घेता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. एकवीस वर्षांचं काम, आणि ते एका फॉन्टवाचून वाचता येत नाही.

युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतपद्धतीत आणायला पायथन भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहायला घेतली. तुकड्याला तुकडा बदलणं सोपं. पण जुन्या फॉन्टमध्ये माणूस कागदावर जसं दिसतं तसं टंकतो आणि युनिकोड आपण जसं बोलतो तसं साठवतो. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून आधी टंकलेली. युनिकोडला ती नंतर हवी. रफार शेवटी दिसतो, म्हणून शेवटी टंकलेला. युनिकोडला तो आधी हवा. ‘मूर्तिकला’ घ्या. जुन्या फाइलीत क्रम असा: मू, वेलांटी, त, रफार, कला. माझ्या पहिल्या प्रयत्नात वेलांटी ‘त’च्या पलीकडे गेली, पण रफार जागचा हलला नाही, आणि आलं ‘मूतिर्कला’. जुना मजकूर घाईत बदलून ठेवलेल्या किती संकेतस्थळांवर हीच ‘मूतिर्’ पाहिली आहे! आज तिचा जन्म कसा होतो ते समोर दिसलं. नियम आता असा केला: आधी रफार उचलून पूर्ण जोडाक्षराच्या अगोदर न्यायचा, मग वेलांटीने पूर्ण जोडाक्षर ओलांडायचं. ‘स्थिती’ नीट आली. ‘कीर्ती’ नीट आली. संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या मामांना पडद्यावर त्यांचं नाव सभासदांच्या यादीत शोधून दाखवलं. आमच्या यादीत मराठी नाव टंकून शोधल्यावर सापडण्याची ही पहिली वेळ.

५ ऑक्टोबर, रविवार

कामाचा क्रम उलटा करायचं ठरवलं. आधी यंत्रं, मग फाइली असं होतं. आता आधी फाइली. कारण नीट लिहून ठेवतो, मंडळाला दाखवायचं आहे.

जगात दोन मोठी उदाहरणं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पहिलं म्यूनिक. तिथल्या महापालिकेने २००३ साली लिनक्सवर जायचा ठराव केला, तोही असा की मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटायला गेले होते. लिमक्स नावाने २०१३ पर्यंत जवळपास १५,००० संगणक हलवले. २०१४ ला नवे महापौर आले आणि २०१७ ला परत विंडोजवर जायचा ठराव झाला. लोक यावरून सरळ निष्कर्ष काढतात की लिनक्स कार्यालयात चालत नाही. मला ते पटत नाही. तिथे प्रत्येक खात्याचं आपापलं सॉफ्टवेअर होतं, हजारो साचे नि मॅक्रो होते, आणि बाहेरची सगळी कार्यालयं वेगळ्या स्वरूपातल्या फाइली पाठवत होती. भांडण सिस्टिमशी कमी आणि तिच्याभोवतीच्या पसाऱ्याशी जास्त होतं.

दुसरं उदाहरण फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाचं. त्यांनी २००५ ला फक्त ओपनऑफिस हे कागदपत्रांचं मुक्त सॉफ्टवेअर आणलं. विंडोज तशीच. २००६ ला फायरफॉक्स हा ब्राउझर आणि टपालासाठी थंडरबर्ड. विंडोज तशीच. दोनतीन वर्षांत लोकांची कागदपत्रं, टपाल आणि बोटं सगळं मुक्त साधनांवर स्थिरावलं, आणि मग २००८ पासून खालची सिस्टिम बदलून उबुंटू घातली. आज सत्तर हजारांहून जास्त संगणक त्यावर आहेत. जर्मनीतलं श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यही २०२४ पासून याच वाटेने निघालंय, ओपनऑफिसमधूनच निघालेलं लिबरऑफिस आधी, लिनक्स नंतर.

ऑपरेटिंग सिस्टिम कुणी निवडत नसतं. फोनमध्ये अँड्रॉइड आला तोही लिनक्सच्याच गाभ्यावर, पण तो मुक्त आहे म्हणून कुणी घेतला नाही, फोनबरोबर आला. टेबलावरची सिस्टिम तुमच्या फाइली ठरवतात, प्रिंटर ठरवतो, परीक्षा ठरवते. आमच्याकडे ती एका फॉन्टने ठरवली होती. मजकूर मोकळा झाला की यंत्र बदलणं हे दुपारचं काम आहे. मजकूर अडकलेला असताना यंत्र बदललं तर महिनाभरात ताई जुनं यंत्र परत मागतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

म्हणून: आठही यंत्रांवर आजच, विंडोज असतानाच, लिबरऑफिस टाकलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

फाइली अजून पूर्ण झालेल्या नाहीत. आठ यंत्रांच्या नेटच्या वायरी काढल्या. नेट फक्त ग्रंथपालबाईंकडे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वाचन प्रेरणा दिन. शाळेची मुलं आली होती, पुस्तकांचं प्रदर्शन होतं, संगणकांना हात लावला नाही. एका मुलीने विचारलं, “संगणक बंद पडलेत का?” म्हटलं, नाही, त्यांची पुस्तकं नीट लावतोय.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. अभ्यासिकेतल्या पाचपैकी तीन यंत्रांना एसएसडी लावून मिंट टाकलं. एकाला साधारण वीस मिनिटं. चालू होऊन मेन्यू दिसायला आधी दोन मिनिटं लागत, आता वीस सेकंदांच्या आत. यात लिनक्सपेक्षा एसएसडीचा वाटा मोठा आहे, आणि मुलांना मी तसंच सांगितलं. खोट्या श्रेयावर उभं केलेलं कौतुक पहिल्या अडचणीला कोसळतं.

शिकाऊ विद्यार्थ्याने तिसरं यंत्र एकट्याने केलं. त्याने स्वतः लिहिलेल्या पायऱ्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत, कारण जिथे तो अडला तिथे तो थांबून लिहितो.

पडद्यावरच्या अक्षरांबद्दल: सिस्टिमची भाषा मराठी केल्यावर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आले. भाषा हिंदी असेल तर तोच फॉन्ट हिंदी वळण दाखवतो. पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीतल्या लोकांनी लोहित फॉन्टवर वर्षानुवर्षं काम केलं, इतर मुक्त फॉन्टांतही हे आलं. ग्रंथपालबाई पाहून म्हणाल्या, “हा आपला ल.” बस, एवढंच म्हणाल्या, पण खुर्ची पुढे ओढून बसल्या.

२ नोव्हेंबर, रविवार

प्रिंटरने नाकीनऊ आणले. कार्यालयातला लेझर प्रिंटर जुना, दणकट, टोनर कुठेही मिळणारा. कंपनीचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर आहे, पण वर्षानुवर्षं हात न लागलेला. पहिलं पान निघतं, दुसऱ्याला रांग अडकते. सकाळी दहा ते दुपारी चार. शेवटी कुणीतरी प्रिंटरची भाषा स्वतः उलगडून लिहिलेला मुक्त ड्रायव्हर मिळाला, त्यावर सलग चाळीस पानं निघाली. पुढच्या खरेदीसाठी कार्यालयाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं: ड्रायव्हरविना नेटवर्कवर छापणाराच प्रिंटर घ्यायचा. आजकालचे बहुतेक तसे असतात.

९ नोव्हेंबर, रविवार

ताईंचा दिवस. ताई बावीस वर्षं जुन्या टंकयंत्रांच्या रेमिंग्टन मांडणीवर टंकतात, कळफलकाकडे न पाहता. लिनक्सवर रेमिंग्टन मिळाली, पण तीनचार चिन्हं वेगळ्या जागी. एवढ्याने त्यांची गती निम्म्यावर आली. त्या काही बोलल्या नाहीत, पण दर वेळी चुकल्यावर हात क्षणभर मांडीवर ठेवत होत्या. मी सुचवलं की इनस्क्रिप्ट ही दुसरी मांडणी शिका, किंवा इंग्रजी अक्षरांवरून उमटणारी गमभन पद्धत आहे. त्या म्हणाल्या, “दादा, मी चूक शिकलेली नाही. मग मीच का बदलू?”

खरं आहे. बदल करणाऱ्याने आपलं ओझं वापरणाऱ्याच्या बोटांवर टाकायचं नाही. रात्री बसून मांडणीची फाइल त्यांच्या सवयीप्रमाणे बदलली. साधा मजकूर आहे, उघडता येतो, बदलता येतो. चार ओळी. याच चार ओळी बंद सॉफ्टवेअरमध्ये असत्या तर मला कुणाला तरी पत्र लिहावं लागलं असतं. सभेत मुक्त स्रोत म्हणजे काय हे मी अर्धा तास समजावत होतो, त्यापेक्षा या चार ओळी दाखवायला हव्या होत्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

अभ्यासिकेतली उरलेली दोन यंत्रं विंडोजवरच ठेवायची असं ठरलं. मनाविरुद्ध, पण विचार करून.

या दोन यंत्रांवर मुलं शासनाच्या संगणक टंकलेखन परीक्षेचा सराव करतात. मराठी तीस, मराठी चाळीस. लिपिकाच्या नोकरीला ते प्रमाणपत्र लागतं. सरावाचं जे सॉफ्टवेअर त्यांच्याकडे आहे ते विंडोजवरच चालतं. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या ‘वाइन’ या सॉफ्टवेअरमधून चालवून पाहिलं, कळफलक गडबडतो. मुलाच्या नोकरीवर मी माझ्या आग्रहाचा प्रयोग करणार नाही. दोन्ही यंत्रांसाठी रीतसर परवाने घ्यायचे, आणि नेट कायमचं बंद.

केरळने हे कोडं दुसऱ्या टोकाने सोडवलं. तिथे २००१ ला शाळांसाठी आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला, आणि पुढे काही वर्षांत शाळांमधली यंत्रं, पाठ्यपुस्तकं, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा सगळंच लिनक्सवर नेलं. परीक्षाच त्यावर असल्यावर कुणाला पटवावं लागत नाही. आता काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची आवृत्ती काढते. आपल्याकडे गावागावांत पोचलेला एमएस-सीआयटीसारखा अभ्यासक्रम आहे, टंकलेखनाची परीक्षा आहे. प्रसाराची सगळ्यात मोठी किल्ली तिथे आहे. परीक्षेने ‘अमुक प्रोग्राम येतो का’ याऐवजी ‘पत्र लिहिता येतं का, तक्ता मांडता येतो का’ एवढं विचारलं, आणि सराव कुठल्याही सिस्टिमवर करता आला, तर आजची ही दोन यंत्रं मी आनंदाने बदलीन. ग्रंथपालबाई म्हणाल्या, तसा अर्ज करू. मसुदा मी करायचा आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

सहाव्या पिढीच्या यंत्रावर डेबियन १२ टाकून त्यावर कोहा बसवलं. ग्रंथालयासाठीचं हे मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या वाचनालयाने करून घेतलं, कारण त्यांची जुनी प्रणाली २००० सालात चालणार नव्हती. ३ जानेवारी २००० ला ते सुरू झालं. नाव माओरी भाषेतलं, अर्थ देणगी, पण अशी की तिच्यात परतफेडीचं नातं असतं. आपल्यासारख्याच एका लहान गावच्या वाचनालयाने आपली अडचण सोडवली आणि ती जगाला देऊन टाकली, हे वाचून कार्यवाहकाका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आपली ती फॉन्टची स्क्रिप्ट पण टाका मग बाहेर.” टाकली, जीपीएल या मुक्त परवान्याखाली.

१७,६४० पैकी १७,३२८ नोंदी आत गेल्या. ३१२ राहिल्या.

१४ डिसेंबर, रविवार

देवघेवीच्या टेबलावर तक्रार: काही पुस्तकं कपाटात आहेत, शोधात येत नाहीत. दोन कारणं निघाली.

एक, कोहाचा शोध घेणारा भाग मुळात रोमन लिपीच्या हिशेबाने बसवलेला होता, देवनागरी शब्द मात्रांपाशी तोडत होता. वेगवेगळ्या लिप्या समजणारी आयसीयू ही पद्धत लावून सगळी सूची पुन्हा बांधली. बहुतेक पुस्तकं आली.

दोन, आपला ‘ऱ्या’. ‘दुसऱ्या’, ‘दऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘वाऱ्या’. हा ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साधा र घेऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. माझ्या स्क्रिप्टने पहिली तऱ्हा वापरली होती, टेबलावरच्या मुलाच्या कळफलकाने दुसरी. ‘ॲ’चंही तसंच, एकदा अखंड अक्षर आणि एकदा ‘अ’वर चंद्र. सगळं एका तऱ्हेत आणलं, आणि टंकतानाच बदल व्हावा अशी सोय केली. मराठीत संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे भोवतं, म्हणून ही नोंद लांब लिहिली.

४ जानेवारी २०२६, रविवार

स्थिती: सहा यंत्रं लिनक्सवर. अभ्यासिकेतली दोन विंडोज १०, नेटशिवाय, परवाने आले. ग्रंथपालबाईंचं विंडोज ११ तसंच राहणार, कारण डिजिटल सहीचं टोकन तिथेच चालतं आणि सरकारी कामं त्याच्याशिवाय अडतात. खर्च १७,२५० अधिक दोन परवाने. डिसेंबरात मला तीनदा बोलावणं आलं, तिन्ही वेळा मी पोचण्याआधी विद्यार्थ्याने काम केलेलं होतं.

खजिनदारांनी आज घरचा लॅपटॉप आणला. विंडोजच राहू दे म्हणाले, फक्त लिबरऑफिस आणि ताईंची मांडणी हवी. दिली. मांडणी विंडोजसाठी वेगळी करावी लागली, तासभर गेला.

३१२ नोंदी उरल्यात. जुन्या फाइलीतच अक्षरं इतकी बिघडली आहेत की स्क्रिप्टला काही कळत नाही. निवृत्त ग्रंथपालकाका सोमवारपासून येणार आहेत. दाखल नोंदवहीच्या मूळ पानावरून ते वाचतील, ताई टंकतील. पहिला क्रमांक ४११२. वहीच्या त्या पानावर शाई उतरलीय, भिंग आणायला सांगितलं आहे.